नावाच्या आधी आकडा

सुनेला नावं ठेवणाऱ्या सासवा घरोघरी असतात. आमच्या घरी उलटं आहे. आमच्याकडे सून नावं ठेवते, आणि तीही वस्तूंना. कपडे धुवायचं मशीन पिळायला लागलं की थरथरत जागा सोडून पुढे सरकतं, म्हणून ते आत्याबाई. फ्रिज दिवसभर घुं घुं करून भाव खातो आणि भाजी मात्र सुकवतो, तो भाऊजी. पाण्याच्या पंपाला मामा म्हणतात, कारण एका हाकेत तो कधी उठत नाही. माझ्या आईनं सुरुवातीला यावर नाक मुरडलं. आता तीच सकाळी उठून विचारते, "मामा उठला का गं?"

मी चष्म्याचं दुकान चालवतो. त्यामुळे माझा सगळा कारभार आकड्यांचा. गिऱ्हाईक दारात दिसलं की मला त्याचं नाव आठवत नाही, उजव्या डोळ्याचा नंबर आठवतो. आमच्या हिला याचा भयंकर राग येतो. "अहो, माणूस आहे तो, उणे अडीच काय म्हणता?" असं ती चारचौघांत मला ऐकवते. तिला इस्त्रीवाल्याच्या मुलीचं नाव माहीत असतं, बँकेतल्या शिपायाच्या नातीचंही माहीत असतं. रस्त्यानं तिच्याबरोबर चालायचं म्हणजे दर दहा पावलांवर थांबायची तयारी हवी.

अशी ही बाई नोकरी करते ती मात्र आकड्यांच्याच कारखान्यात. तिची कंपनी एक सॉफ्टवेअर बनवते. एखाद्या ऑफिसातले कॉम्प्युटर दिवसभर एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी बोलत असतात. कोण कुणाशी बोललं, कधी बोललं, किती बोललं, हे सगळं ते सॉफ्टवेअर टिपून ठेवतं आणि पडद्यावर मांडून दाखवतं. टिपायचं काम दुसरे करतात. मांडायचं काम हिचं. कुठली गोष्ट ठळक, कुठली फिकी, कुठला रकाना आधी आणि कुठला नंतर, हे सगळं ती ठरवते. ऑफिसात तिला सगळे काकू म्हणतात आणि पडद्याच्या बाबतीत काकूंचा शब्द शेवटचा असतो.

या धंद्यात प्रत्येक मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरला, एक पत्ता असतो, आणि तो असतो निव्वळ आकड्यांचा, मध्ये टिंबं दिलेला. त्या पत्त्याच्या पुढे आणखी एक आकडा येतो, त्याला पोर्ट म्हणतात. पत्ता म्हणजे इमारत आणि पोर्ट म्हणजे त्या इमारतीचं कितवं दार, असं तिनं मला समजावलं होतं. पत्ता आणि पोर्ट यांच्यामध्ये वरखाली दोन टिंबं द्यायची पद्धत आहे. पुढे नव्या तऱ्हेचे लांबलचक पत्ते आले, त्यांच्या पोटातच ही दोन टिंबं असतात, मग पत्ता कुठे संपला आणि दार कुठे सुरू झालं हे कळेना. त्यावरून ही आठवडाभर घुश्शात होती. जेवताना मी "मीठ दे" म्हटलं तर मीठदाणी माझ्या ताटावर उपडी धरून म्हणाली, "दाराला वेगळा रकाना दिला तर?" मी म्हटलं, दे बाई, पण आधी मीठ चमच्यानं वाढ, सांडतंय. शेवटी तिनं वेगळा रकाना दिला आणि घरात शांतता झाली.

खरा वाद झाला तो नावांचा. हिचं म्हणणं असं की पडद्यावर आकडे दाखवूच नयेत. आकड्याच्या जागी सरळ मशीनचं नाव दाखवावं, आणि मशीनचं नाव म्हणजे बहुतेक ठिकाणी त्यावर बसणाऱ्या माणसाचंच नाव असतं. दाराच्या आकड्याऐवजीसुद्धा त्या दारानं जे काम चालतं त्याचं नाव लिहावं, टपाल, छपाई, फाइल पाठवणे, असं. त्यांच्या ऑफिसात एक उंच, किडकिडीत इंजिनिअर आहे. तो प्रत्येक बैठकीत हात वर करतो, म्हणून त्याला शंका म्हणतात. (हे नाव कुणी ठेवलं ते सांगायला नको.) तो म्हणाला, "काकू, आकडा आपण पाहिलेला असतो. नाव आपण कुणालातरी विचारून लावतो. दोन्ही एकाच पंगतीत कसं बसवायचं?"

ही म्हणाली, "तू तुझ्या आईला घरी आकड्यानं हाक मारतोस का रे?"

सगळी बैठक हसली, शंका खाली बसला, आणि ठराव हिच्या बाजूनं झाला. पडदा खरोखर देखणा झाला होता, हे मीही म्हणेन. तिनं मला दाखवला तेव्हा मला, म्हणजे एका चष्मेवाल्याला, सगळं कळलं. अमका तमक्याशी बोलला, टपाल पाठवलं. गिऱ्हाइकांनीही तो डोक्यावर घेतला. कंपनीच्या मालकांनी तर पुढच्या जाहिरातीत तोच छापला.

एके संध्याकाळी ही घरी आली ती हातात केकचा डबा घेऊन. रक्त तपासणीची एक मोठी लॅब त्यांचं सॉफ्टवेअर वापरते. तिथून एका पेशंटचा रिपोर्ट बाहेर गेला होता आणि नको त्याच्या हातात पडला होता. कुणी पाठवला ते कळत नव्हतं. लॅबच्या मॅनेजरनी आदल्याच दिवशी यांचं सॉफ्टवेअर उघडून त्या दुपारच्या नोंदी काढल्या, आणि पहिल्याच झटक्यात नाव सापडलं. रिपोर्ट टाइप करणारी मुलगी. तिच्या नावापुढे स्वच्छ लिहिलं होतं, 'फाइल पाठवणे', आणि त्यापुढे बाहेरचा पत्ता. त्यांनी तिला घरी बसायला सांगितलं आणि सोमवारी कामावरून काढणार आहेत. मॅनेजरनी फोन करून मालकांचं कौतुक केलं, मालकांनी केक मागवला, आणि कापायला सुरी हिच्या हातात दिली.

ती हे सगळं उभ्या उभ्याच सांगत होती. मी तोवर एक तुकडा संपवून दुसऱ्याला हात घातला होता.

"किती सोपं झालं बघा त्यांना," ती म्हणाली. "जवळजवळ दोन महिन्यांपूर्वीची नोंद, काल उघडली आणि लगेच..."

आणि ती थांबली. मी वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच होतं, पण ती हसत नव्हती.

"काय झालं?"

"काल उघडली," ती पुन्हा म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

मला काही कळेना. मग तिनं मला समजावलं, म्हणजे खरं तर स्वतःलाच. या ऑफिसांत मशीनचा पत्ता कायमचा नसतो. पोहण्याच्या तलावावर आपल्याला कपाटाची किल्ली मिळते, आज बारा नंबर माझ्याकडे, परवा दुसऱ्याकडे, तसे हे पत्ते. मशीन चालू झालं की मोकळा असेल तो पत्ता घेतं. टिपून ठेवलेल्या नोंदीत फक्त पत्ता असतो, आकडा. नाव त्यात नसतंच. नाव सॉफ्टवेअर नंतर विचारून घेतं, ज्या दिवशी माणूस ती नोंद उघडतो त्या दिवशी.

"म्हणजे काल बारा नंबरची किल्ली जिच्याकडे होती तिचं नाव लागलं," मी म्हटलं. "पण चोरी झाली तेव्हा किल्ली कुणाकडे होती?"

"तेच तर माझ्या पडद्यावर नाही."

"आणि ते 'फाइल पाठवणे'?"

ती म्हणाली, "त्या आकड्याच्या दारानं फाइल पाठवायची अशी रीत आहे. म्हणून मी तसं लिहिलं. दूधवाला मागच्या दारानं येतो म्हणून मागच्या दारानं आलेला प्रत्येक जण दूधवाला नसतो, हो ना?"

मी केकचा तुकडा परत डब्यात ठेवला. ती घाबरली होती, आणि ती स्वतःसाठी घाबरत नव्हती हे मला दिसत होतं.

तिनं शंकाला फोन लावला. मला वाटलं आता तो बोलून घेणार. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "काकू, त्यांच्याकडे मूळ नोंद अजून आहे ना? तिच्यात मशीनचा कारखान्यातला क्रमांकही असतो. तो मशीनवर चिकटवलेला असतो. पत्ता बदलला तरी तो बदलत नाही. मालकांशी मी बोलतो, तुम्ही जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला स्कूटरवरून लॅबमध्ये घेऊन गेलो. मी बाहेर थांबणार होतो, पण मॅनेजरनी मलाही आत बोलावून खुर्ची दिली. मी नाकावरचा चष्मा सारखा करत गप्प बसलो होतो, म्हणून त्यांनी मला कंपनीचा कुणीतरी मोठा साहेब समजलं असावं. मी चष्मेवाला आहे हे सांगायची योग्य वेळ काही शेवटपर्यंत आली नाही.

मॅनेजर गृहस्थ वाईट नव्हते. थकलेले होते. ज्या पेशंटचा रिपोर्ट फुटला त्याची नोकरी धोक्यात आली होती आणि तो रोज फोन करत होता. "मॅडम, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे," ते म्हणाले. हिनं ते आभार घेतले नाहीत. "मला ती नोंद एकदा उघडून द्याल का?" एवढंच म्हणाली.

नोंद उघडली. ती ओळ ठळक दिसत होती, मुलीच्या नावासकट. हिनं सेटिंगमध्ये कुठेतरी खोल जाऊन एक खूण काढली, आणि पडद्यावरची सगळी नावं गेली. टपाल गेलं, छपाई गेली, फाइल पाठवणे गेलं. उरले नुसते आकडे, वरपासून खालपर्यंत.

मॅनेजर पुढे वाकले. "आता तर काहीच कळत नाही."

"हो," ही म्हणाली. "आपल्याला एवढंच कळलेलं होतं."

मग तिनं त्या ओळीवर बोट ठेवून मशीनचा कारखान्यातला क्रमांक दाखवला, आणि विचारलं, "तिचं मशीन कुठे आहे?"

मशीन बाहेरच्या खोलीत, भिंतीला चिकटून होतं. वर पुसायला ठेवलेलं एक हिरवं फडकं, बाजूला पाण्याची रिकामी बाटली, आणि खुर्चीच्या पाठीवर स्वेटर तसाच राहिलेला. घरी जा म्हटल्यावर पोरीला तो घ्यायचंही सुचलं नसेल. मॅनेजरनी मशीन भिंतीपासून ओढलं. मागच्या चिठ्ठीवरची अक्षरं इतकी बारीक होती की दोघांनाही वाचता येईनात. माझ्या खिशात भिंग असतं. त्या सकाळी माझा झालेला उपयोग तेवढाच. मी एकेक अक्षर वाचत गेलो आणि ही तिच्या कागदाशी ताडून पाहत गेली. तिसऱ्या अक्षरालाच ते वेगळं निघालं. तरी तिनं मला शेवटपर्यंत वाचायला लावलं.

"हे मशीन नव्हतं," ती म्हणाली.

मॅनेजर धूळ लागलेले हात पुसत उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. मुलगी सुटली याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं, पण हातात आलेलं उत्तर निसटलं होतं. "मग कोण होतं?"

"माहीत नाही."

"तुमचं सॉफ्टवेअर एवढं सगळं टिपतं..."

"आकडा टिपलाय. तो क्रमांक तुमच्या दुसऱ्या कुठल्या मशीनचा आहे का, हे आपण आत्ता यादी घेऊन तपासू. नसला तर कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याचा फोन असू शकतो. त्यानं रिपोर्ट पाठवला की आणखी काही, तेही यातून कळत नाही. दाराचा आकडा आहे, आतून काय गेलं ते नाही."

"अहो, पण वर मला काहीतरी नाव द्यावं लागेल."

"ते माझ्याकडे नाही साहेब," ही म्हणाली. "परवाही नव्हतं. मी ते दाखवायला नको होतं."

मी तिच्याकडे पाहिलं. प्रत्येक वस्तूला नाव असलंच पाहिजे असा जिचा हट्ट, ती बाई एका माणसापुढे उभी राहून नाव नाही म्हणून सांगत होती, आणि आवाज जराही हलत नव्हता. मला तिचा अभिमान वाटला. मी तो घरी जाऊन बोलूनही दाखवला, पण तिनं लक्ष दिलं नाही.

मॅनेजरनी सगळी मशीनं तपासून घेतली, एकाचाही क्रमांक जुळला नाही, तेव्हा मुलीला फोन करून बोलावलं. ती आली. पंचविशीची असेल, केस घाईनं बांधलेले. दारातच उभी राहिली. मॅनेजर म्हणाले, "चूक आमच्याकडून झाली. सोमवारपासून नेहमीसारखी ये. झालं गेलं विसरून जाऊ." त्यांनी ते मनापासून म्हटलं. मुलीनं मान हलवली, खुर्चीवरचा स्वेटर उचलला, आणि घडी न घालता छातीशी धरून उभी राहिली. मग हिच्याकडे वळली.

"तो पडदा तुम्ही केलाय का, ताई?"

"हो. माझंच काम आहे ते."

मला वाटलं, आता ही पोर रडेल किंवा चिडेल. दोन्हींचा तिला हक्क होता. ती म्हणाली, "मग एक काम कराल? माझ्या घरी येऊन आईला सांगाल? तिनं मला विचारलं, तू केलंस का म्हणून. माझ्या आईनं. तेव्हापासून मी तिच्याशी बोललेली नाही."

"तू तिला काय सांगितलंस?"

"काही नाही. उठून आतल्या खोलीत गेले."

आम्ही लगेचच निघालो. ती पुढे तिच्या सायकलवर, मागे आमची स्कूटर तिच्या वेगानं. माझ्या पाठीमागे ही पुटपुटत होती. आधी मला वाटलं मलाच काही सांगतेय. ती तालीम करत होती. पत्ता म्हणजे काय, तो कसा बदलतो, नाव कसं चुकीचं लागलं. एकदा तलावाची किल्ली घेतली, एकदा हॉटेलातली खोली. कुठलंच मनासारखं होईना. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना पटापटा समजावणारी बाई, पण त्या रस्त्यावर ती दर वळणाला पहिल्यापासून सुरुवात करत होती.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आई खिडकीपाशी बसून शर्टाला बटणं लावत होती. शिवणाचं काम घरी आणत असावी, बाजूला शर्टांचा ढीग होता. चष्मा बराच जुना होता, सुई ओवताना ती मान मागे नेत होती. तिनं आम्हाला बसा म्हटलं, पाणी द्यायला उठू लागली, तर हिनं तिला हातानं थांबवलं आणि समोर खाली फरशीवरच बसली. मुलगी दाराशी, चपला न काढता उभी.

"मी तुमच्या मुलीच्या लॅबमध्ये जे सॉफ्टवेअर आहे ते बनवणाऱ्या कंपनीतली," ही म्हणाली. "तुमच्या मुलीनं काहीही केलेलं नाही. तिथे पडद्यावर तिचं नाव आलं ते चुकीचं होतं. तो पडदा मी केला. त्यानं जे दाखवलं ते त्याला माहीत नव्हतं. माहीत असल्यासारखं दाखवलं. तिला कामावर परत घेतलंय." तालमीतलं एक वाक्यही त्यात नव्हतं. ना किल्ली, ना हॉटेल.

आईनं ऐकून घेतलं. सुई कापडात टोचून ठेवली. "बरं झालं सांगायला आलात," ती म्हणाली. "पण मला माहीत होतं, तिनं केलेलं नाही."

दाराशी हालचाल झाली. "मग मला विचारलंस कशाला?" मुलगी म्हणाली. त्यांच्यातलं परवापासूनचं ते पहिलं वाक्य असावं. आवाज चिरकला होता. "तुला माहीत होतं तर तू विचारलंसच कशाला मला?"

आईनं तिच्याकडे पाहिलं. "तिकडे कुणी विचारलं होतं का तुला?"

आईनं मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला.

"सांग ना. त्या साहेबानं विचारलं होतं? दुसऱ्या कुणी?"

मुलीनं नाही म्हणून मान हलवली. "ते पडदाच दाखवत होते."

"तेच तू त्या दिवशी घरी येऊन म्हणालीस. पडदा दाखवला आणि घरी जा म्हटलं. म्हणून मी विचारलं. कुणीतरी विचारल्याशिवाय तुला नाही कसं म्हणता येणार?"

माझ्या शेजारी ही रडत होती, तोंडावर हात न घेता, सरळ. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मुलगी तशीच चपलांसकट आत आली आणि आईच्या समोर खाली बसली.

"मी नाही केलं गं आई," ती म्हणाली.

"हं," आई म्हणाली, आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.